बोक्याची हाक

४ मार्च
आज कॅलेंडरची पानं उलटली. जानेवारीवरच थांबलं होतं. फेब्रुवारीच्या दहा तारखेला हिच्या अक्षरात एकच शब्द — ‘लस’. कोणाची, ते कळायला वेळ लागला. मग कपाटावरून दोन पिवळे डोळे माझ्याकडे बघताना दिसले. हिचा बोका.

खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकेकडची मांजराची दोन पिल्लं या आठवड्यात गेली. उलट्या, जुलाब, तीन दिवसांत संपलं.

५ मार्च
जनावरांच्या दवाखान्यात जाऊन आलो. जुने डॉक्टर निवृत्त झाले, आता नव्या डॉक्टरीणबाई आहेत. म्हटलं, आमचा बोका घराबाहेर पडत नाही.

“काका, तुम्ही पडता ना? हा रोग चपलेला चिकटूनही घरात येतो. मुदत टळलीय. आता लगेच एक टोचू, तीन आठवड्यांनी दुसरी. रेबीजचीही राहिलीय.”

घरी येता का, विचारलं. “नाही हो. मांजर पलंगाखाली आणि मी पलंगावर, असं दोनदा झालंय. टोपलीत घालून आणा.”

जुनं कार्ड मागितलं. कुठे आहे, माहीत नाही. चपला आजपासून दाराबाहेर.

६ मार्च
बोका हाताला लागत नाही. मी खोलीबाहेर गेल्याशिवाय वाटीला तोंडही लावत नाही. ये ये, पुच पुच — सगळं करून झालं. मुलगी फोनवर म्हणाली, “बाबा, आई नुसती हाक मारायची आणि तो यायचा.”

काय हाक मारायची?

“मला काय माहीत? घरात तुम्ही होतात ना?”

होतो.

७ मार्च
टॉवेल टाकून धरायला गेलो. मनगटावर तीन ओरखडे. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, “द्या ना कोणाला तरी. ही ब्याद कशाला गळ्यात?” म्हटलं, लस द्यायची आहे.

“आणि मग?”

मग पुढच्या वर्षीची.

८ मार्च
शिक्षिकेकडचं तिसरं पिल्लूही आजारी.

९ मार्च
गॅसवाला पावती न देताच जिना उतरायला लागला. दारातून ओरडलो — “अहो!”

पायाला काहीतरी मऊ लागलं. बोका. कपाटावरून थेट उंबऱ्यावर, शेपटी ताठ, माझ्या तोंडाकडे बघत. दार लोटून घेतलं. पावती राहिली.

एकोणतीस वर्षं ही स्वयंपाकघरातून हाक मारायची, “अहो, पान वाढलंय!” मी हातातलं शब्दकोडं सोडवूनच उठायचो. गेली सहा वर्षं हा मात्र पहिल्या हाकेला हजर. त्याला वाटलं असेल, आपलंच नाव.

एकोणीस जानेवारीला सकाळीही तशीच हाक आली होती. नुसतंच “अहो”. मी “आलो” म्हटलं, आणि दोन शब्द राहिले होते तेवढे भरले. गेलो तेव्हा ही फरशीवर पडलेली. बोका उशाशी बसलेला.

हे कोणाला सांगितलेलं नाही.

१० मार्च
टोपलीत हिची शाल अंथरली. वहिनींना ऐकू जाऊ नये म्हणून खिडक्या लावल्या. आपल्याच घरात बोक्याला “अहो” म्हणायची लाज वाटली. पहिल्यांदा नुसतं पुटपुटलो. दुसऱ्यांदा मोठ्याने म्हटलं. आला. शालीवर बसला.

दोन्ही इंजेक्शनं झाली. हूं की चूं नाही. नव्या कार्डावर नाव काय लिहू, विचारलं. ‘बोका’ सांगितलं. दुसरी मात्रा ३१ तारखेला.

परत येताना जिन्यात वहिनी — “सकाळी कोणाशी अहो-जाहो चाललं होतं?” म्हटलं, बोक्याशी. “बोक्याला मान, आणि आमच्याशी चार शब्द बोलायला जड!” हसू आलं.

११ मार्च
तिसरं पिल्लू तगून आहे. बरं झालं की त्याला आणि त्याच्या आईला टोचून आणायचं ठरलं. शिक्षिका एकटी घाबरते. टोपली मी धरणार.

१२ मार्च
जुनं कार्ड सापडलं. हिच्या चष्म्याच्या घरात, घडी घालून ठेवलेलं. नावाच्या रकान्यात हिचं अक्षर — ‘धाकटे अहो’.

म्हणजे हिला ठाऊक होतं. त्या सकाळची हाक थोरल्याला होती की धाकट्याला, ते आता कळायचं नाही. कोणाला का असेना. एक अहो वेळेवर पोचला होता.