दहा वीसचं बिल्ड

सोमवार, ३ जून
आज सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी माझं आयुष्य बदललं. नव्या ऑफिसात बॅग टेकवतो न टेकवतो तोच शेजारच्या टेबलावरच्या टेस्टरने विचारलं, नवीन का? मी म्हटलं, नवीन नाही, लेटेस्ट. ती खळखळून हसली. डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग, हातात हिरवं पेन. संपलो मी. कॉलेज अर्धवट सोडलं म्हणून बाबा महिनाभर बोलत नाहीयेत. खुशाल न बोलोत.

काम फालतू आहे. रोज दहा वीसला एक कोरं मशीन उभं राहतं, आमचा प्रोग्रॅम बांधून तपासतं आणि पुसलं जातं. याला म्हणे बिल्ड. त्यात सगळ्यात आधी बसवायचा जावास्क्रिप्टचा पॅकेज मॅनेजर. बाकीचा माल, म्हणजे इतरांनी लिहिलेली तयार पॅकेजं, तोच आणतो. तो कसा बसवायचा हे एक स्वेटरवाले काका ठरवतात. त्यांनी त्याच्या तीन वर्षांपूर्वीच्या आवृत्तीचा नंबर फाइलमध्ये लिहून ठेवलाय. रोज तोच! हे ऑफिस आहे की पुराणवस्तू खातं?

मंगळवार, ४ जून
काकांशी वाजलं. मी म्हटलं, नंबर काढा, रोज ताजं लेटेस्ट येऊ दे. ते म्हणाले, बाळा, कोऱ्या मशीनला काही आठवत नसतं. काय यायचं ते आपण लिहिलं नाही, तर कुणीही येऊन बसतं. भित्रा म्हातारा. तिच्यादेखत मला बाळा म्हणाला! ते जेवायला गेल्यावर ती नंबरची ओळच उडवली. उद्यापासून बिल्डचे चाळीस सेकंद वाचणार. तिने हिरव्या पेनने माझ्या तळहातावर ‘शाब्बास’ लिहिलं. शुक्रवारी चहाला येते म्हणाली.

बुधवार, ५ जून
दहा वीसला तिने विचारलं, नवीन का? वाटलं, चेष्टा करतेय. पण डाग उजव्या मनगटावर होता. मी तळहात पुढे केला. तिने वाचलं आणि विचारलं, कुणाचं अक्षर?

गुरुवार
पुन्हा, नवीन का? आज डागच नाही. काकांच्या खुर्चीत कुणी टकला बसलाय. म्हणतो, काका मीच. सगळे माना डोलावतात. मेंढरं! बिल्डचा लॉग, म्हणजे मशीनने ठेवलेली नोंद, उघडला. दहा वीस: जुनं काढलं, लेटेस्ट बसवलं. खाली पॅकेजांची यादी. त्यात तिचं नाव. काकांचं —

शुक्रवार, दहा दहा
ओळ परत टाकतोय. पण नंबर? मी तो वाचलाही नव्हता. मोठा शहाणा! जुन्या बदलांची नोंद उघडली, तिथेही नुसतं लेटेस्ट, लेटेस्ट. माझी सोमवारची ती कुठल्या नंबरची होती, कुणीच लिहून —

दहा सतरा
आज बसवायच्या यादीत एक नाव जास्त. माझं.

दहा एकोणीस
बॅग उचलली. बाहेर पडलो, दार ओढून घेतलं. भिंतीला वही टेकवून लिहितोय — आत ती विचारतेय, नवीन का — आणि माझ्याच आवाजात कुणीतरी, नवीन नाही, ले