आईची लबाडी

सोलापूर, मंगळवार. आईला जाऊन पाच दिवस झाले.

होटगीचे मामा भेटायला आले. सगळ्यांदेखत म्हणाले, "सुटली अक्का. तीन वर्षं कुणाला वळखत न्हवती. माणूस कुटं ऱ्हायलं होतं तिच्यात?"

मी कधी उलट बोलत नाही. आज बोललो. "मामा, ती औषधाची गोळी गालात लपवायची. गिळलीस का विचारलं की मान हलवायची, आणि मी वळलो की चादरीत थुंकून हसायची."

"मेलेल्या आईला लबाड म्हणतोस व्हय?"

"लबाड म्हणा. पण माणूस नव्हती, असं या घरात म्हणायचं नाही."

आवाज चढला होता का? चढू दे. माझं नाव ती विसरली, पण त्या गोळीपायी मला रोज फसवायला विसरली नाही. दहाव्याला मामा पुन्हा येतील. तसं म्हणाले, तर पुन्हा सांगेन.