नळी रुंद का होत नाही

७ मे १९९६, मंगळवार

लॅबमधल्या माश्यांच्या खोलीचा एसी बंद. कॉम्प्रेसर गेला म्हणे. नवीन कधी येईल, मेकॅनिक सांगत नाही. खोलीत शिरलं की गूळ-मक्याच्या खाद्याचा आंबूस वास अंगावर येतो. फळमाशीला एवढा उकाडा सोसत नाही, नर निकामी होतात. बाकीच्यांच्या माश्या बाहेरून परत मागवता येतील. माझ्या माश्यांची जात दुसरीकडे कुठे नाहीच. मीच शोधलेली, चार वर्षांपूर्वी.

डोकं चालत नाही.

८ मे

बाटल्या पिशवीत घालून घरी आणल्या. बसमध्ये पूर्ण वेळ मांडीवर. शेजारची बाई, "लोणचं का?" हो म्हटलं. कोण समजावणार.

नेरूळला सासूबाई दारातच. "आगं बया, माशा हाकलून हात दुखत्यात, आन् तू पिशवी भरून घिऊन आलीस?" आईंचं साताऱ्याचं बोलणं मुंबईत इतकी वर्षं राहून तसंच आहे.

फ्रिजमध्ये गारठतील. परातीत पाणी, बाटल्यांभोवती ओला पंचा, समोर टेबलफॅन. नवरा, प्रकाश, पावण्याच्या फॅक्टरीतून आला. "फॅन माश्यांना? आणि आपण?" हसला तरी.

१२ मे, रविवार

आई बाटल्यांसमोर पाट घेऊन बसल्या. "ह्यात शिकतीस काय?"

सांगून बघितलं. अंड्यातल्या पिल्लाची लाळेची नळी. आधी पेशींचा चपटा ठिपका. तो आत वळतो, मोज्याचं टोक आत ढकलावं तसा. नळी होते, पण केसाएवढी. मग पेशी आतल्या बाजूला पाझरतात, त्या पाझराने नळी फुगते, रुंद होते. निदान मला तसं वाटतं. माझ्या जातीत पेशी पाझरत नाहीत. नळी केसाएवढीच राहते, पिल्लू अंड्यातच मरतं.

"मरतं, तर मग ह्या कशा जित्या?"

चांगला प्रश्न विचारला. बिघाड आई आणि बाप दोघांकडून आला तर पिल्लू मरतं. एकाकडूनच आला तर जगतं. त्या जगणाऱ्यांना आम्ही खूण लावलीय, कुरळे पंख. या बाटल्यांत सगळ्या कुरळ्याच.

आईंनी चष्मा लावून पाहिलं. "व्हय की. माझ्या सुनंदाच्या केसावानी." सुनंदा म्हणजे नणंद.

१५ मे

नाडकर्णी सर, माझे गाइड. तेच परत.

"वैशाली, पेशी मरतायत. मेलेली पेशी काय पाझरणार?"

"सर, मरणाऱ्या पेशी दाखवणारा रंग टाकला. एकही उजळली नाही. स्राव आतच अडकलाय, ठिपके दिसतात."

"डोळे थकले की मलाही ठिपके दिसतात."

मग थोड्या वेळाने, चहा संपवता संपवता, "ताज्या गर्भांवर परत करून दाखव. दिसलं तर मी मान्य करीन." त्यांच्या तोंडून एवढं पहिल्यांदाच. खरं तर आनंद व्हायला हवा. झोप येत होती.

१७ मे

पनवेलच्या ज्युनिअर कॉलेजात बायॉलॉजीची जागा आहे. प्र.ने ओळखीतून विचारून ठेवलंय. मला न विचारता. त्यांना जूनमध्ये उत्तर हवंय.

"मी तुला सोड म्हणत नाहीये गं. पण तू स्वतःकडे बघ जरा."

आरशात बघितलं. बरोबर बोलतोय तो, हाच त्रास आहे.

२० मे, सोमवार

लॅबमधून आले तर बाटल्यांचे कापसाचे बोळे वर काढलेले. अर्धे परातीत.

"गुदमरत हुत्या गं. जीव हाय त्यांना. जरा सैल केलं."

किती वेळ झाला विचारलं. सकाळपासून. शेजारी टोपलीत आंब्याची सालं, त्यावर रानमाश्यांचा घोळका. या घरातल्याच, आंब्याच्या दिवसांतल्या, सरळ पंखांच्या फळमाश्या.

बोळे लावले. बोलले असते तर थांबले नसते.

२४ मे

एसी सुरू. बाटल्या परत खोलीत. सर म्हणाले, वाचल्या ना. मान हलवली.

२९ मे

सरळ पंख. जवळजवळ प्रत्येक बाटलीत. रानमाश्या आत गेल्या, अंडी घालून मोकळ्या. रानमाशीपासून झालेल्या पोरांतही कुरळे पंख उतरतात, म्हणून आता कुरळी माशी दिसली तरी तिच्यात माझा बिघाड आहे की नाही, नुसतं बघून कळायचं नाही.

घरी आले तर आईंनी तोंड बघूनच ओळखलं. "माझ्यामुळं झालं का?"

"नाही हो. उकाड्याने."

विश्वास बसला नसावा. जेवायला वाढलं तर भूक नाही म्हणाल्या. मग मीही...

३१ मे

सरांना सांगितलं, सगळं. आईंचं नाव घेतलं नाही, घरी बोळे निघाले एवढंच. सर म्हणाले, "आहे त्यावर लिहून टाक. पेशी मरतात, म्हणून नळी बंद. थीसिस होऊन जाईल."

"पण मरत नाहीत, सर."

"वैशाली, तुला सुटायचंय की नाही?"

सुटायचंय. खूप. तरी म्हटलं, तसं नाही लिहिणार.

नुकत्याच कोषातून निघालेल्या, अजून नराला न भेटलेल्या कुरळ्या माद्या वेगळ्या काढल्या, एकेकीला एकेक कुरळा नर. जोडीगणिक वेगळी बाटली. दोघांतही बिघाड असेल तर सरळ पंखांची पोरं अंड्यातच मरतील, निघतील ती सगळी कुरळी. एक जरी सरळ निघालं, ती बाटली फेकायची. पाठ धरली, डोळे चुरचुरतायत. पण हात चालत होते, नवल आहे.

४ जून

प्र.ला सगळं सांगितलं, सरांचं बोलणंसुद्धा. मला वाटलं म्हणेल, लिहून टाक. तो म्हणाला, "मग पनवेलला काय सांगू?"

मला माहीत नाही म्हटलं. दिवा बंद केला.

१० जून, सोमवार

पहिल्या माश्या निघायला लागल्या. एकामागून एक बाटल्यांत सरळ पंख. फेकल्या. दुपारपर्यंत टेबल बरंच रिकामं झालं. सर दारात येऊन टेबल बघून गेले.

उरलेल्या थोड्या बाटल्यांत अजून कोषच. भिंतीला चिकटलेले, काळपट झालेले, म्हणजे उद्या-परवा फुटतील. भिंगाखाली पंख दिसतात, पण आत घडी करून ठेवलेले. कुरळे की सरळ, माशी बाहेर पडून पंख पसरेपर्यंत समजत नाही.

कॉलेजला फोन केलेला नाही. प्र. विचारत नाही. आईंनी आज डबा भरताना हळूच विचारलं, "ऱ्हाईल्यात का काही?"

आहेत, म्हटलं. थोड्या.