तपकिरी तळाचा बर्फ

३ मे
पोचलो बाई एकदाचे! नवऱ्याच्या, तातिगाच्या आईचं घर समुद्राला अगदी लागून. म्हणजे सध्या बर्फाला लागून. सासूबाईंनी सीलचं कालवण करून ठेवलं होतं. मी नदीकडची, हरणाच्या मांसावर वाढलेली, तरी दोनदा मागून खाल्लं. लेकीला, मियालीला, आजी फारच आवडली. सुनेचं मात्र माप काढणं चालू आहे. म्हणाल्या, नदीकडच्या पोरींना बर्फातलं काय कळतंय? मीही ऐकवलं, बर्फ तो बर्फच.

५ मे
सील श्वास घ्यायला वर येतात त्या भोकाशी तातिगानं बर्फ फोडला होता. त्यातला तुकडा मी मियालीला चघळायला दिला. आमच्याकडे सगळी पोरं चघळतात. तळ तपकिरी होता, खारट लागला, तरी तिनं संपवला. सासूबाईंना कळलं तेव्हा त्या शिवता शिवता थांबल्याच. म्हणाल्या, तोंडात घालायचा बर्फ जुना, निळा लागतो. या तपकिरीत केसाएवढे किडे राहतात, आणि त्यांना गारच जागा लागते. मला हसू आलं. सुनेला घाबरवायची एकेकीची तऱ्हा.

८ मे
मियाली गरम काही घेत नाही. कोट काढून दारापाशी निजते. अंग गार. ताप असता तर परवडलं असतं. नर्स म्हणते, पोर ठणठणीत आहे. मला सासूबाईंचा राग येतो, आणि स्वतःचा त्याहून जास्त.

१० मे
तिच्या मनगटात, कातडीखाली पांढरे दोरे. हलतात. शेगडीजवळ नेली तर सगळे छातीकडे पळाले. ती किंचाळली—

सासूबाई सांगतात, ऊब दिली तर काळजात शिरतील, गार ठेवली तर पोर जाईल. त्यांना दुसरी गार जागा द्यायला हवी. कुणाचं तरी तोंड. म्हणाल्या, "मी म्हातारी झाले, पोरी. मी देते." पहिल्यांदाच मला पोरी म्हणाल्या.

११ मे
त्या तोंड गार करण्यासाठी बर्फ आणायला गेल्या. मी थांबले नाही. दारातलाच तोंडात धरला, जीभ बधिर होईस्तोवर. मग मियालीच्या ओठांवर ओठ ठेवले. आले— बारीक, खारट— सगळे—

तिनं गरम रस्सा मागितला. मी रडले. सासूबाईही रडल्या.

१२ मे
मला शेगडी सोसत नाही. मियाली मांडीवर आली. केवढी भाजते ती. ढकलली मी तिला. माझ्या लेकीला, मी—

बाहेर लिहितेय. तातिगा हाका मारतोय. पुढे समुद्रावरच्या बर्फाच्या भेगेपाशी आणखी गार असेल. मियालीला सांगा, राग नव्हता. ती मागे येतेय, धरा तिला, माझ्याजवळ येऊ देऊ न—