कोळशाची गाडी आणि जयवंतेचे स्थळ

नारायणगुडा, हैदराबाद
२३ ऑक्टोबर १९५६

तीर्थस्वरूप दादांच्या चरणी,

मुकुंदाचा नमस्कार. वहिनींचा गुडघा सुधारला असेल असे गृहीत धरून पुढे लिहितो. तसे नसल्यास कळवावे, म्हणजे गृहीतक बदलता येईल. आपली लेक जयवंता आमच्याकडे खुशाल आहे.

आपण सोपवल्याप्रमाणे तिच्यासाठी सुचवलेला मुलगा, दौलत, यास पाहण्याकरिता मी रविवारी वर्धेच्या पश्चिम तीरावरील, राजुऱ्याकडच्या कोळसाखाणीवर जाऊन आलो. कामगिरी यशस्वी झाली, हे आधीच नमूद करतो. (जयवंतेला फोटोवरून मुलगा आवडला होता; तो फोटो तिने मला दाखवला नाही. निघताना तिने एवढेच बजावले, "काका, माझं जमू द्या. कमी बोला.") त्यांच्या घरी चार वाजता बोलावले होते आणि मी अकरालाच पोहोचलो. मधल्या वेळात कोळशाच्या गाड्या पाहणे हे माझे कर्तव्यच होते, कारण जांबागच्या शाळेत मी एकवीस वर्षे दगडी कोळसा शिकवीत आहे, पण तो हलताना कधी पाहिला नव्हता.

रुळांपाशी एक तरुण वहीत वाघिणींचे, म्हणजे मालगाडीच्या डब्यांचे, आकडे टिपत उभा होता. मला पाहून तो नमस्कार करून थांबला. त्याची जिज्ञासा ओळखून मी प्रारंभापासून घेतले: प्राचीन अरण्ये, त्यांचे दलदलीत गाडले जाणे, वरच्या थरांचा दाब, आणि (हे महत्त्वाचे) चढावर गाडीला मागूनही एक इंजिन का लावतात. तो अधूनमधून "हो जी" म्हणे. एक गाडी गेल्यावर मी म्हणालो, "चाळीस वाघिणी." तो नम्रपणे म्हणाला, "एक्केचाळीस जी. तुम्ही बोलत होता तेव्हा एक गेली."

चारच्या सुमारास तो म्हणाला, "मास्तरसाब, आता चला. आई वाट बघते." मी त्याचे सौजन्य वाखाणून सांगितले की मला दौलतच्या घरी जावयाचे आहे. "तिथंच चाललोय जी," तो म्हणाला.

त्याच्या आई कोंडाबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. "पाच तास झाले, तू नाव नाही सांगितलंस?"

"मोठ्यांनी ओळख करून दिल्याबिगर आपण कसं सांगायचं? अन् मास्तरसाब श्वास घ्यायला थांबले असते, तर त्यांनीच विचारलं असतं."

आपला मुख्य प्रश्न मी विसरलो नाही. राज्यांच्या पुनर्रचनेत राजुरा येत्या एक तारखेपासून हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात जाणार. तेव्हा मुलगा हैदराबादेकडे बदली मागणार की तिकडेच राहणार? तो म्हणाला, "कोळसा इथंच आहे जी. राज्य बदललं म्हणून तो कुठं जातोय?" भूगोलाच्या दृष्टीने हे उत्तर निर्दोष आहे. मी त्याला दहापैकी नऊ गुण दिले व तसे सांगितलेही.

वहिनींस नमस्कार, मुलांस आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक,
मुकुंद

ता. क. : ती मंडळी येत्या रविवारी जयवंतेला पाहावयास येत आहेत. दौलतला हुंडा नको, मानपान नको. अट एकच, बैठकीत काकांनी बोलू नये. अट ऐकून जयवंता म्हणाली, "मुलगा पक्का करा." मी शब्द दिला आहे. म्हणून आपण शनिवारपर्यंत निघून यावे आणि आपल्या बाजूने बोलावे.

आणखी ता. क. : आपणास अडचण पडू नये म्हणून काय बोलावयाचे ते अकरा पृष्ठांत लिहून सोबत जोडले आहे. पहिली चार कोळशाची आहेत. ती वगळू नयेत.