गावाची हरकत

३ डिसेंबर
कापूस वेचाले निघाली तं ठाण्यातून फोन. "पाटीलबाई, तुमच्या सोनाळ्याच्या गजाननचा रजेचा अर्ज आला जेलातून. गावाची हरकत आहे का, लिहून द्या." नऊ वर्षांआधी शेताच्या धुऱ्याच्या, बांधाच्या भांडणात यानं विठ्ठलले मारलं. जन्मठेप. तवा पोलीस पाटील माझे सासरे होते, आता ही बला माह्या गळ्यात. दोन ओळींचं काम आहे म्हणा.

४ डिसेंबर
पहिले विठ्ठलच्या घरी गेली. त्याचा मोठा भाऊ भास्करभाऊ बैलाले ढेप टाकत होता. वाटलं, आता शिव्या खा. तं म्हणे, "येऊ दे. कायद्यात बसते नं रजा? मंग मी कोण अडवणारा. माह्या दारावरून नको जाऊ म्हणा, बस." वरून चहा पाजला. इतक्या सोप्यात सुटलं, मलेच खरं वाटेना.

मंग शोभाकडे, गजाननची बायको. अर्जात जामीनदार म्हणून तिचंच नाव, तिची सही पाहिजे. मशीनवर ब्लाउज शिवत होती. म्हणे, "ताई, गावाची हरकत आहे असं लिहा."
"अवं, भास्करभाऊ हो म्हणून राह्यले अन् तू?"
मशीन चालूच.

५ डिसेंबर
सकाळपासून तेच डोक्यात. मारत असन का तिले? नळावर गाठून विचारलंच.
"मारत नव्हते हो. जीव लावत. तेच तं."
दोन वर्षांआधी रजेवर आला होता. घराचे पत्रे बदलले, पोरीले खांद्यावर घेऊन हिंडला, अन् गेला. पोरगी आठ दिवस धड जेवली नाही. ही मशीनपाशी बसून रडे. "वर्ष लागलं ताई, घडी बसाले. पुन्हा तेच? माह्यात ताकद नाही."
मले रागच आला. त्याचा हक्क आहे म्हटलं, तू कोण नाही म्हणणारी. घरी येता येता मलेच रडू फुटलं. वा रे पोलीस पाटील.

७ डिसें.
ठाण्यात जमादाराले विचारलं, नाव न घेता. घरच्याच माणसानं नको म्हटलं तं?
"लिहा तसं. होईन नामंजूर. पण कारण कैद्याले लेखी द्या लागते, नियम आहे."
घ्या! म्हणजे शोभा नको म्हणाली हे त्याले तिथं कागदावर वाचा लागीन. गावाचं नाव लावावं तं भास्करभाऊच्या चांगुलपणावर बोळा, अन् त्या माणसानं नीट वागून कमावलेली रजा माह्या खोट्यानं जाणार. अन् हरकत नाही लिहिलं तं ही बाई…
तीनदा लिहिलं, तीनदा फाडलं. आमचे हे म्हणतात, "तू काय कोर्ट आहेस? लिही अन् मोकळी हो." यांचं काय जाते बोलाले.

९ डिसें.
गजाननची बहीण मंदा जानेफळले असते. फोन केला. एका दमात म्हणे, "जामीन मी घेते, पत्ता माह्या घरचा टाका." मंग हळूच, "पण शोभा काऊन नाही?"
म्हटलं, लग्नसराईची शिलाई आहे तिच्याजवळ. बोलली खोटं, काय करू.
रिपोर्टात लिहिलं: गावाची हरकत नाही. सही, शिक्का. शोभाले सांगितलं. "बरं झालं," म्हणे. चेहऱ्यावर बरं झाल्यासारखं काही दिसलं नाही.

२१ जानेवारी
मंदाचा फोन. रजा मंजूर, काल आला तो. घरात पाय ठेवल्याबरोबर विचारलं, शोभा बिमार आहे का. पोरीसाठी पाट आणला, जेलात सुतारकाम शिकला तिथं केलेला. कोणाले बसू देत नाही त्याच्यावर.
बरोबर केलं का मी? कोणाले विचारू?

२४ जाने.
सकाळी शोभा आली. संग पोरगी, तेल लावून वेणी, नवा ड्रेस. हातात पिशवी. "जानेफळले जायाले गाडी किती वाजता हो?"
म्हटलं, नऊची खामगाव, तिथून बदला लागते.
ओट्यावर बसली. नऊची आली. पोरगी उठली, ही उठली नाही. गाडी गेली.
"आई, गेली नं गाडी!"
चहा टाकला. जाय म्हणू का नको जाऊ म्हणू? दोन्ही तोंडाशी येऊन राह्यलं. "अकराची पण आहे," एवढंच बोलली.
"हाव. माहीत आहे."
साडेदहा झाले. मी आत बसून हे लिहून राह्यली. चहा तसाच पडला, साय धरली त्याच्यावर. दोघी ओट्यावरच आहेत.