मोठी आई

अमरावती,
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. प्रणाली,
अनेक आशीर्वाद. फोन तू उचलत नाहीस, बरोबरच करतेस. सोहमभाऊजी आज घरी परततील, म्हणून हे पत्र त्यांच्याच हाती, संत्र्यांच्या पिशवीत. संत्री वलगावची आहेत, यंदा जरा आंबटच निघाली. आशूला साखर लावून दे. ह्यांचा गुडघा पुन्हा सुजला आहे, तरी कोर्टाच्या पायऱ्या चढणं काही सुटत नाही.

बाकी सगळं ठीक, असं लिहून कागद मिटणार होते. पण ठीक नाही.

माझी जुईली गेल्यावर मी वाचनालयात नुसती पंख्याखाली बसायला जायचे, तुला माहीत आहे. तिथल्या गोदाबाईंनी एक दिवस जाडजूड कादंबरी माझ्यापुढे आदळली. "बाई, हे वाचा. याच्यात गेलेलं मानूस वापस येते." मी शाळेत विज्ञान शिकवते. हसले, घरी नेली आणि दोन दिवसांत संपवली. मग तसल्याच मागत सुटले. कुठे हिमालयातला साधू खूण सांगतो, कुठे चार वर्षांचं पोर परक्या गावात शिरून आपलं जुनं घर दाखवतं. चौदा वाचल्या. प्रत्येकीत शेवटी आई लेकराला ओळखते. मी शेवटचं पान आधी वाचायचे, ओळखते ना एवढंच बघायला.

आशू जन्मली ती जुईलीला जाऊन अकरा महिन्यांनी. दिवाळीत तुमच्याकडे अकोल्याला आले, तेव्हा तिनं माझा पदर ओढला. "आई, मले पोयी दे." तू शेजारीच होतीस, तरी ती मला म्हणाली. माझ्या हातातलं पोळ्यांचं ताट पडलं, आठवतं? भोवळ आली म्हणून सांगितलं. खोटं होतं.

दुसऱ्या दिवशी मी तिच्यापुढे चार रिबिनी मांडल्या, त्यात एक जुईलीची हिरवी. आशूनं हिरवीच उचलली, हे तुला मी नाचत सांगितलं. जे सांगितलं नाही ते आता सांगते. त्याआधी तिनं दोनदा लाल उचलली होती. दोन्ही वेळा मी ती तिच्या हातातून काढून घेतली. शाळेत एखाद्या पोरीनं प्रयोगात अशी लबाडी केली असती, तर मी तिची वही भिरकावली असती.

मग तिला मांडीवर घेऊन म्हटलं, "जुईली, मीच तुझी खरी आई." ती किंचाळली, "तू नाई! माही आई तिथं हाये!" तू धावत आलीस. "ताई, माह्या जित्या पोरीले मेलेल्या पोरीचं नाव देऊन राहिल्या तुमी! काहून?"  पिशवी उचलली आणि मिळेल त्या बसनं परत आले.

परवा ह्यांना सगळं सांगितलं. ते गुडघा चोळत ऐकत होते. मग म्हणाले, "रमा, आपल्या इकडं मोठ्या काकूले मोठी आईच म्हनतात ना. लहान जीव हाये, 'मोठी' गिळलं असन."

तूच तिला तसं म्हणायला शिकवलं होतंस, माझा मान म्हणून. चौदा कादंबऱ्या वाचल्या मी, आणि घरातला एक शब्द वाचता आला नाही.

प्रणाली, जुईली परवा पुन्हा गेली गं. पहिल्या वेळी घर माणसांनी भरलं होतं. या वेळी कुणी आलं नाही, कारण लोकांच्या लेखी काही झालंच नव्हतं. मी खूप रडले.

पुस्तकं परत केली. लाल रिबीन पिशवीत आहे, ती आशूची. हिरवी माझ्याकडे राहू दे.

मला बोलावू नकोस, तुझं मन होईल तोवर तरी नको. तिला एवढं मात्र शिकव. 'मोठी आई' नको, काकू म्हणू दे. त्यातलं काही गिळलं तरी मागे 'आई' उरत नाही.

आशूची काकू,
जुईलीची आई,
रमा